आत्याचे दहा तास

"'काही नाही' असं लिहिता येत नाही, आत्या."

"लिहिलंय की. सरळ रेघेत लिहिलंय."

"तसं नव्हे हो. या रकान्यात 'काही नाही' चालत नाही. इथे काहीतरी असावंच लागतं."

"नव्हतं ना पण."

"आठवड्याचे दहा तास, असे पाच महिने! दोनशे तासांत तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"दार लावून बसले. ते वरच्या रकान्यात लिहिलंय बघा. त्यातून काय शिकलात, तिथे 'काही नाही'. आणि माझ्यात काय बदल झाला, तिथे..."

"तिथे तुम्ही 'विचारून सांगते' लिहिलंय! कोणाला विचारून?"

"तेच तर कळेना. म्हणून तसंच ठेवलं."

मी दाराबाहेर माझं पत्रक घेऊन उभी होते. माझ्या रकान्यात 'गिटारच्या माध्यमातून स्वतःचा शोध' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. गिटार मी पाच महिन्यांत दोनदा हातात घेतली होती, एकदा तर धूळ पुसायला. पण मला आत कुणी ओरडणार नव्हतं.

"पहिला मुद्दा," आतून आवाज आला. आमच्या सेवावर्षाचे समन्वयक बोलताना नेहमी तीन मुद्दे असल्याचं जाहीर करत आणि तिसरा मुद्दा आजवर कुणी ऐकलेला नव्हता. म्हणून ते मुद्देसर. वय तिशीचं, चेहरा निकालाच्या आदल्या दिवसाचा. "पहिला मुद्दा, पुढच्या महिन्यात सहामाही आढावा आहे. मुख्यालयातून बाई येणार. दुसरा मुद्दा, ज्याची वाढ शून्य त्याची खोली प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. नियम मी केलेला नाही."

आत खुर्ची करकरली.

"खोली?" आत्या म्हणाली.

"खोली. आणि अर्थात सेवावर्षही."

"वर्षाचं राहू द्या हो. खोली जाईल?"

तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कपबशी हातातून निसटता निसटता धरल्यावर निघतो तसा.

*

आत्या सत्तावन्न वर्षांची, आमच्यापैकी कुणाचीच सख्खी नव्हे. आम्ही बाकीचे सोळा जण वीस ते चोवीसमधले. ती आमच्यात आली ती छापखान्याच्या चुकीमुळे. सेवावर्षाच्या जाहिरातीत 'वयोमर्यादा' हा शब्द होता, पुढे दोन टिंबं होती, आणि त्यापुढचा आकडा छापायचा राहून गेला होता. ज्या इस्पितळाच्या कपडेखान्यात आत्यानं एकतीस वर्षं चादरींच्या आणि अभ्र्यांच्या घड्या घातल्या, तिथल्या भिंतीवर ती जाहिरात लागली. आत्याच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. तिनं टिंबांच्या पुढची रिकामी जागा पाहिली आणि ती आपल्यासाठीच सोडलीय असं धरून चालली.

मुलाखतीत तिनं एकच प्रश्न विचारला होता. "खोलीला आतून कडी आहे ना?"

मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि 'सुरक्षिततेची जाणीव' या सदरात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

अर्जात पुढे 'दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' असा प्रश्न होता. आत्यानं लिहिलं, 'खिडकीजवळ.' 'मोठेपणी कोण व्हायला आवडेल?' याच्यापुढे, 'आता पुरे.' हे वाचून एक परीक्षक फार हसला म्हणे, आणि हसला म्हणून तिची निवड झाली, असंही म्हणतात. खरं-खोटं मुद्देसर जाणोत.

काम होतं पुनर्वसन केंद्रात. अपघातातून किंवा झटक्यातून उठलेली माणसं तिथे पुन्हा चमचा धरायला, बटण लावायला, जिना चढायला शिकत. आम्ही त्यांना धरायचं, बसवायचं, धीर द्यायचा. मोबदल्यात जेवण, मागच्या इमारतीत आठ बाय दहाची खोली, आणि व्यक्तिमत्त्व विकास. हा विकास मोकळ्या वेळात व्हायचा, आणि मोकळा वेळ सक्तीचा होता. आठवड्याला दहा तास, कमी नाही. झोप, जेवण, कपडे धुणं त्यात धरायचं नाही. दर महिन्याला पत्रक भरायचं.

कामात आत्याला तोड नव्हती. उजव्या हातातली ताकद गेलेल्या एका सुताराला चेंडू दाबण्याचा व्यायाम दिला होता. तो चेंडू भिंतीवर फेकून मारायचा. आत्यानं त्याच्यासमोर चादरीचं एक टोक धरलं. "दुसरं धरा. मला एकटीला जमत नाही." चाळीस दिवस त्या दोघांनी एकच चादर घडी केली आणि उलगडली. चाळिसाव्या दिवशी सुतार म्हणाला, "बाई, तुमचा कोपरा तिरका येतोय." आत्या म्हणाली, "मग तुमच्या हाताला रजा द्यायला हरकत नाही." पण हे सगळं कामाच्या वेळातलं. विकासात धरत नाहीत.

*

"आत्या, थापा मार ना," मी तिला त्या संध्याकाळी म्हणाले. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. "लिही, 'स्वतःशी संवाद साधला'. सगळे तेच लिहितात."

"साधला नाही ना पण. आम्ही दोघी गप्पच बसतो."

"मग 'मौनातून आत्मबळ' लिही. सरांना आवडेल."

"एकतीस वर्षं, जेवढ्या चादरी तेवढंच लिहिलं, बाळा. आता खोटं लिहायला हात कुठे वळणार?"

तिनं मला खोलीत घेतलं. पहिल्यांदाच. एक खाट, एक खुर्ची, खुर्ची खिडकीशी. खिडकीतून केंद्राच्या गॅरेजची मागची भिंत दिसायची, तीही अर्धीच. कोपऱ्यात टॉवेलाची घडी, घडीवर रुमालाची घडी, रुमालावर मोज्यांची. तिच्या नजरेसमोर घडी न घातलेलं कापड टिकत नसे. जेवणघरात आम्ही हात पुसून फेकलेले नॅपकिनसुद्धा ती बोलता-बोलता चौकोनी करून टाकायची, आणि तिला ते कळतही नसे.

"काय करतेस इथे दहा तास? खरं सांग."

"बसते."

"विचार करतेस?"

"विचार येतात. येतात नि जातात. त्यांच्यासाठी मी काही उठत नाही."

मग तिनं घरचं सांगितलं, तक्रार न करता, नकाशा सांगावा तसं. लग्न झालं नाही, दादाकडे राहिली. दिवाणखान्यात दिवाण, त्यावर ती झोपायची. सकाळी सहाला अंथरूण गुंडाळलं की तिची जागा संपली. सात ते तीन इस्पितळ. तीननंतर ती रिकामी. म्हणजे घरच्यांच्या मते. नळदुरुस्तीवाला येणार, घरी कोण थांबेल? आत्या रिकामीच आहे. भाचीला क्लासला कोण सोडेल? आत्या रिकामीच आहे. भाच्याच्या लग्नाच्या साडेचारशे पत्रिकांवर पत्ते, वहिनीच्या आईच्या डोळ्यांत थेंब, शेजाऱ्यांच्या मांजराला दूध.

"घरात आतून कडी असलेलं दार एकच. न्हाणीघराचं," आत्या म्हणाली. "आणि तिथेसुद्धा बाहेरून, 'आत्या, झालं का?' "

एवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर 'वहिनी' असं नाव. आत्यानं फोनकडे पाहिलं. फोन उचलून चार घड्यांच्या टॉवेलाखाली ठेवला. टॉवेल गुरगुरला, मग थांबला.

"रोज?" मी विचारलं.

"दिवसातून चारदा. भाचेसुनेला जुळं व्हायचंय पुढच्या महिन्यात." तिनं खिडकीबाहेरच्या अर्ध्या भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे चार हात हवेत त्यांना. दोन माझे धरलेत."

*

खोली वाचवायची तर वाढ दाखवायला हवी. आत्या कामाला लागली.

मुद्देसरांनी सतरा छंदांची यादी आणून दिली. आत्यानं वरून सुरुवात केली. चित्रकलेच्या वर्गात तिनं आपल्या खोलीचं दार काढलं, कडीसकट. सर भारावले.

"बंद दार! यातून तुमची घुसमट व्यक्त होतेय का, आत्या?"

"नाही हो. दाराच्या आत मी आहे. घुसमट बाहेर."

"आणि रंग एकच का?"

"दार तपकिरीच आहे."

रोजनिशी सुरू केली. पहिल्या पानावर, 'आज रोजनिशी लिहिली.' दुसऱ्या पानावर, 'आजही.' सकाळच्या धावण्याच्या गटात गेली. आम्ही मैदानाला चार फेऱ्या मारून आलो तेव्हा ती बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर आमचे नऊ स्वेटर, आठ पाण्याच्या बाटल्या, दोन चष्मे.

"धावली नाहीस?"

"धावणार होते. पण तुम्ही सगळे जाताना म्हणालात, आत्या, जरा धरतेस का."

मातीकामाच्या वर्गात सगळ्यांचे हात माखलेले, मग फोन कोण घेणार, पाणी कोण आणणार? आत्यानं बारा जणांची अवजारं धुतली. तिचा स्वतःचा मातीचा गोळा होता तसाच वाळला. नाट्यगटात मी तिला आग्रहानं नेलं. मला वाटलं होतं, ही बाई रंगमंचावर नुसती उभी राहिली तरी लोक बघतील. दुसऱ्या तालमीला ती पडद्यामागे होती, आमचे कपडे क्रमानं लावत, आणि मधूनच कुणीतरी अडखळलं की वाक्य सांगत. सगळ्यांची वाक्यं तिला पाठ. तिला स्वतःला एकही वाक्य नव्हतं. तालमीनंतर मी माझा झगा तिच्या हातात देऊन चहाला गेले. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

महिन्याच्या शेवटी तिचं पत्रक गच्च भरलं होतं. दहाच्या जागी सतरा तास. मुद्देसरांचा चेहरा निकाल लागल्यासारखा.

"आत्या, कमाल केलीत! आता शेवटच्या रकान्यात लिहा, काय बदल झाला?"

आत्यानं बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग लिहिलं, 'घरच्यासारखं वाटलं.'

सरांनी ते वाचून डोळे पुसले. मी तिच्याकडे पाहिलं. ती काही डोळे वगैरे पुसत नव्हती. उठून आपल्या खोलीत गेली आणि संध्याकाळच्या तालमीला आली नाही. मी दार वाजवलं.

"आत्या, येतेस ना? दुसऱ्या प्रवेशाचे कपडे..."

"नाही."

"बरं नाही का?"

"बरंय. म्हणून नाही."

*

आढाव्याच्या दिवशी सभागृहात एक लांब टेबल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ. टेबलामागे मुख्यालयातल्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. शेजारी मुद्देसर. समोर आत्या. सहस्वयंसेवक म्हणून एका बाजूला मी. आणि नियम क्रमांक नऊ, 'कुटुंबीयांचे मत', म्हणून दुसऱ्या बाजूला वहिनी.

वहिनी तयारीनं आली होती. प्रवासातच तिनं ठरवलं असावं, कारण बसल्या बसल्या तिनं आत्याची बॅग कुठे आहे ते विचारलं.

"सामान भरलंस ना गं, बेबी?"

घरी आत्याला बेबी म्हणतात. सत्तावन्नाव्या वर्षी. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी पत्रकं वाचली," बाई म्हणाल्या. "पाच महिने काही नाही, आणि सहाव्यात एकदम सतरा तास. मला पुरावा लागतो. चित्र पाहिलं. दार आहे. रोजनिशी पाहिली. रोजनिशी लिहिल्याची नोंद आहे. मातीकामाचा नमुना..."

"वाळला," आत्या म्हणाली.

"तालमीला महिन्याच्या शेवटी गैरहजर. का?"

मी तोंड उघडलं. पण मी बोलणार तरी काय होते? की हिनं आमचे झगे छान सांभाळले?

"सहस्वयंसेवक?"

"ती... फार मदत करते," मी म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली.

"मदत कामाच्या सदरात येते, विकासाच्या नाही. असो. कुटुंबीय काय म्हणतात? तुम्हाला यांच्यात काही बदल जाणवला?"

वहिनी याचीच वाट पाहत होती. ती खुर्चीत पुढे सरकली आणि आवाजात साय आणली.

"खरं सांगू का, मॅडम? काही म्हणजे काही बदल नाही. आमची बेबी पहिल्यापासून साधी. तिला कुठलं आलंय व्यक्तिमत्त्व! तुमच्या या हुशार मुलांत ती कशाला? उगाच एका मुलाची जागा अडते. आम्ही आज तिला घेऊनच जातो."

मुद्देसरांनी डोळे मिटले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. आत्या टेबलक्लॉथच्या लोंबत्या कडेकडे पाहत होती. तिची बोटं त्या कडेवर फिरत होती, पुढे-मागे, पुढे-मागे. मला वाटलं, झालं. आठ बाय दहा संपलं.

"म्हणजे बदल नाही," बाई लिहिता-लिहिता म्हणाल्या. "केवळ नोंदीसाठी विचारते. घरी नियमित संपर्कात असतात ना?"

"संपर्क?" वहिनी म्हणाली.

"म्हणजे फोन वगैरे."

"फोन!" सायीखालचं दूध एकदम उतू गेलं. "फोन उचलेल तर शपथ! दिवसातून चार-चारदा करते मी. पूर्वी एका हाकेत उभी राहायची, मॅडम. एका! अर्धी हाक तोंडात असायची की ही दारात. आणि आता? परवा उचलला एकदाचा, मी म्हटलं, बेबी, रविवारी येऊन जा, डॉक्टरकडे जायचंय सुनेला. तर म्हणते, 'बघते.' बघते! तीस वर्षांत हिच्या तोंडून 'बघते' ऐकलं नव्हतं मी!"

बाईंचं पेन थांबलं. "मग आल्या का?"

"कसल्या येतायत! फोन केला तर म्हणते, 'बघितलं. नाही जमत.' का नाही जमत, विचारलं. तर काय म्हणाली असेल?"

"काय?"

" 'बसलेय.' "

"बसलेय?"

"बसलेय! अहो, बसलेय हे काय काम झालं? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, बसू दे. हेसुद्धा बिघडले! आणि त्याआधी ह्यांच्याशीच कसं बोलली माहितेय? हे म्हणाले, तुझा दिवाण तसाच ठेवलाय. तर म्हणते, 'त्यावर तुम्ही झोपा.' सख्ख्या भावाला!"

बाई आता भराभर लिहीत होत्या. "निर्णयक्षमता," त्या पुटपुटल्या. "नकार देण्याचं कौशल्य. स्वतःच्या वेळेविषयी... वहिनी, अजून?"

मुद्देसरांनी डोळे उघडले होते. "सांगा, सांगा. मोकळेपणी सांगा. अजून कसं कसं वागल्या?"

वहिनी 'अजून एक' म्हणायला श्वास घेत होती, तेवढ्यात तिची नजर बाईंच्या कागदावर गेली. भरलेला कागद. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे... तशी ती चांगलीच आहे हो," ती म्हणाली. "ऐकते तशी. बरंच ऐकते."

"ते खोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "शाईनं लिहिलंय."

टोपण लागलं. बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "बावीस वर्षं आढावे घेतेय. मुलं येतात, सूर्योदय पाहिला, आतला आवाज ऐकला, सगळं छान छान लिहितात, आणि घरचे म्हणतात, हो हो, खूप बदललाय. एकाच्याही घरच्यांचा असा जळफळाट झाला नाही. आत्या, तुमची वाढ या फेरीतली सगळ्यात जास्त आहे. खोली तुमची. पूर्ण वर्ष."

आत्यानं मान वर केली. "कडीसकट?"

"कडीसकट."

आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मी उठलेही. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"मात्र हे तुमच्यापुरतं ठेवून कसं चालेल? बाकीच्या केंद्रांतल्या मुलांना हे कोण शिकवणार? मी म्हणते, एक शिबिर घेऊ. 'मोकळ्या वेळाचं नियोजन'. दर रविवारी."

"दहा ते पाच," मुद्देसर उत्साहानं वहीत आखू लागले. "पहिला मुद्दा, सभागृह रविवारी मोकळं असतं. दुसरा मुद्दा, आत्याही रविवारी रिकाम्याच असतात."

"रविवारी?" वहिनी उसळली. "रविवारी कसं जमेल? खोली ठेवा हो तिला, नाही कोण म्हणतंय, पण रविवारी मी तिला घरी धरलीय! जुळं आहे, जुळं!"

"घरी पुन्हा केव्हाही जाता येईल. हा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर..."

"बाळंतीण राष्ट्रीय पातळीवर थांबणार आहे का?"

"अर्धा-अर्धा करू," मुद्देसर म्हणाले. "सकाळी आम्ही, संध्याकाळी तुम्ही. आत्या, चालेल ना?"

"बेबी, सांग यांना!"

"आत्या, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी आम्ही..."

आत्याची बोटं टेबलक्लॉथवर होती. या गोंधळात तिनं त्याची कड उचलली होती, नेहमीसारखी, नकळत. कोपऱ्याला कोपरा लावला होता. एक दुमड पडली होती, दुसरी पडायची होती, आणि तिघंही तिच्या तोंडाकडे पाहत थांबले होते.

आत्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. मग कापड होतं तसंच सोडून दिलं, अर्ध्या घडीत, एक कोपरा टेबलावर, एक लोंबता. खुर्ची मागे सारली आणि दारातून बाहेर पडली.